कुलपावरचा आळ

पुढून दार असलेलं वॉशिंग मशीन धुणं संपवून गप्प बसतं आणि दार काही केल्या उघडत नाही. कधी याच्या उलट घडतं. दार नीट लावलेलं असतं, बटण दाबलेलं असतं, तरी मशीन हलत नाही आणि पडद्यावर ‘डीई’ नाहीतर असलाच काही कोड लुकलुकत राहतो. दोन्ही प्रसंगी घरातून निघणारा निकाल मात्र एकच असतो : लॉक गेलं. हा निकाल फार घाईचा आहे, असं माझं म्हणणं आहे. निदान बीडसारख्या जिल्ह्यात, जिथे नळाला पाणी कित्येक दिवसांच्या अंतराने येतं आणि विजेचा दाब संध्याकाळी खाली बसतो, तिथे तरी लॉकवर आळ घेण्याआधी पाण्याची आणि विजेची साक्ष काढायला हवी. लॉक बिघडतच नाही असं नव्हे. पण अडवणं हेच ज्याचं काम, त्याने अडवलं की आपण त्यालाच नादुरुस्त ठरवतो. ही सवय मशीनच्या कितीतरी आधीची आहे.

त्या कुलपाच्या पोटात काय असतं ते एकदा पाहून घ्यावं. बऱ्याच मशीनमध्ये दाराच्या चौकटीमागे तळहातात मावेल एवढी प्लास्टिकची पेटी असते. दारावरचा आकडा तिच्या खाचेत शिरतो आणि एक सरकपट्टी बाजूला ढकलतो. यानंतर दार फक्त लागलेलं असतं, त्याला कुलूप बसलेलं नसतं. बटण दाबल्यावर पेटीतल्या शर्टाच्या बटणाएवढ्या सिरॅमिक चकतीतून वीज जाते आणि चकती तापते. तिला टेकून दोन धातूंची एक पातळ पट्टी असते. दोन्ही धातू उष्णतेने सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून पट्टी वाकते. वाकताना ती एक खुंटी सरकपट्टीत बसवते आणि त्याच हालचालीत पुढची वीज जोडते. तो ‘टक’ असा आवाज या सगळ्याचा असतो, आणि त्याला दोन-चार सेकंद लागतात. काम संपल्यावर चकतीची वीज तुटते, पट्टी निवते, सरळ होते आणि खुंटी निघते. या निवण्याला एक-दोन मिनिटं लागतात. घाईतल्या माणसाला हा उशीर दोष वाटतो. वीज तुटल्यावरही ड्रम काही वेळ आपल्याच वेगात फिरत राहतो, तो थांबेपर्यंतचा वेळ हा उशीर भरून काढतो.

दोन धातूंची ही पट्टी माझ्या पिढीला अनोळखी नाही. फक्त तिची कधी कोणी ओळख करून दिली नाही. अठराव्या शतकात समुद्रावर वेळ अचूक राहावी म्हणून घड्याळं घडवणाऱ्या जॉन हॅरिसनने ती आपल्या तिसऱ्या सागरी घड्याळात वापरली. तिथून ती कुठे कुठे पोचली! लहानपणी भिंतीवरच्या ट्यूबलाइटच्या स्टार्टरमध्ये तीच होती. काचेच्या इवल्याशा कुपीत ती तापायची, वाकायची, टेकायची, निवून सुटायची, आणि त्या सुटण्याच्या झटक्याने नळी पेटायची. दाब कमी असला की नळी नुसती लुकलुकायची. मग लोक स्टार्टर बदलायचे. नवा स्टार्टरही तसाच लुकलुकला की तोही डुप्लिकेट निघाला म्हणायचे, किंवा शेजारच्या खोलीतल्या लागलेल्या ट्यूबचा काढून आणायचे. रात्री दहानंतर गावाची मागणी उतरली, दाब चढला, की तोच बदनाम स्टार्टर एका झटक्यात नळी पेटवायचा. पुढे इस्त्रीत तीच पट्टी भेटली, आणि शेतात विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत, ओव्हरलोड रिले या नावाने.

खरा धडा या रिलेपाशी आहे, आणि तो बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला कुठल्याही मशीनवाल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. थ्री-फेज मोटारीचा एक फेज गेला की उरलेल्या दोन तारांवर भार वाढतो. रिलेतल्या पट्ट्या तापून वाकतात आणि स्टार्टर पाडतात. शेतीची वीज ठरावीक तासांची, त्यातही कधी रात्रीची. विहिरीत जेमतेम पाणी आणि पीक वाळायला टेकलेलं. अशा वेळी रिले सारखा पडू लागला की राग रिलेवरच निघतो. कोणी रिसेटच्या बटणात काडी खुपसतं, कोणी रिले काढून तारा थेट जोडून घेतं. ‘डायरेक्ट करून टाक’ हे तीन शब्द आपल्याकडे दुरुस्तीचं शास्त्र म्हणून चालतात. त्यानंतर काय होतं ते तालुक्याच्या गावातल्या रिवाइंडिंगच्या दुकानात दिसतं. जळालेल्या वार्निशचा वास आणि ओळीने मांडलेल्या मोटारी. त्यातल्या किती मोटारी रिले असताना जळाल्या आणि किती तो काढल्यावर, हे दुकानदाराला विचारून पाहावं. रिले बिघडलाच नव्हता. डीपीवर फ्यूज उडालाय, तार तुटलीय, एवढंच तो आपल्या परीने सांगत होता.

घरातल्या कुलपाचं म्हणणं असंच ऐकता येतं, आणि त्यासाठी आधी पेचकस नको, कान हवा. बटण दाबल्यावर ‘टक’ झालं का? झालं आणि तरी मशीन हललं नाही, तर पट्टी वाकली पण पुढची वीज जुळली नाही. आतला संपर्क झिजला असेल किंवा एखादी तार सैल असेल. इथे लॉकवरचा संशय रास्त आहे. ‘टक’ झालंच नाही, तर आधी दाराकडे पाहावं. रबराच्या घडीत ओढणीचं टोक नाहीतर परकराची नाडी अडकून दार केसभर उघडं राहतं. दारावर भार देऊन आत वाकायची सवय असेल तर बिजागरी सैल होऊन दार खाली झुकतं आणि आकडा खाचेच्या खालच्या कडेवर आपटू लागतो. तिथे प्लास्टिकवर घासल्याची पांढुरकी खूण दिसते. दार अलगद उचलून लावल्यावर मशीन सुरू झालं, तर गुन्हेगार बिजागरी. दाब कमी असेल तेव्हा चकती सावकाश तापते, कारण मिळणारी उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० व्होल्टच्या जागी १८० मिळाले, तर सुरुवातीची उष्णता जेमतेम साठ टक्के उरते. मशीनमधलं सर्किट ठरावीक वेळ वाट पाहतं आणि दाराचा कोड दाखवून मोकळं होतं. तेच मशीन पहाटे विनातक्रार चालत असेल, तर लॉक बदलून काहीही साधणार नाही.

दार उघडत नसेल तेव्हाची तपासणी मला जास्त रंजक वाटते. मशीनचा प्लग काढावा आणि पाच मिनिटं थांबावं. पट्टीवालं कुलूप असेल तर ते एव्हाना निवतं. दार उघडलं, म्हणजे कुलूप धडधाकट आहे. सर्किटच त्याला मुद्दाम तापवून ठेवत होतं. का, तर आत पाणी आहे किंवा पाणी आहे असं त्याला वाटतं. (उघडण्याआधी काचेतून पाण्याची रेघ कुठवर आहे ते पाहिलेलं बरं, नाहीतर फरशी धुऊन निघते.) मग वळावं खालच्या कोपऱ्यातल्या छोट्या झाकणाकडे. त्यामागे पंपाचा फिल्टर असतो. तिथे सापडणाऱ्या वस्तूंवरून घरातल्या माणसांची माहिती मिळते : रुपयाचं नाणं, केसांची पिन, पैंजणाचं घुंगरू, तंबाखूची पुडी, चुन्याची चपटी डबी. पंप चोंदला की पाणी बाहेर जात नाही आणि पाणी गेलं नाही की दार सुटत नाही. फिल्टर स्वच्छ असेल तर पुढचा संशय पाण्याची पातळी सांगणाऱ्या बारीक नळीवर. इथे बोअरचं पाणी आपला हात दाखवतं. आपला भाग बसाल्ट खडकाचा, बोअरच्या पाण्यात क्षार. बादलीच्या आत पांढरा थर धरतो तो सगळ्यांना माहीत आहे. असल्या पाण्यात पावडर नीट विरघळत नाही, तिचा चिकट साका होतो आणि तो नळीच्या तोंडाशी बसतो. ड्रम कोरडा ठणठणीत, पण मशीनच्या लेखी भरलेला. दार बंद ते बंदच.

ज्या गोष्टीवर कारभार अडतो तिच्यातच दोष असतो असं नाही, याचा मोठा दाखला याच जिल्ह्याने पाहिला आहे. २०१३च्या फेब्रुवारीत परळीचं औष्णिक वीज केंद्र बंद पडलं आणि २०१५च्या पावसाळ्यात पुन्हा बंद ठेवावं लागलं. कारण दोन्ही वेळा पाणी नव्हतं. बॉयलर आणि टर्बाइन जागच्या जागी होते. तिथे कोणी टर्बाइन बदला म्हटलं नाही, कारण बाहेरचं कोरडं पात्र सगळ्यांना दिसत होतं. मशीनच्या पोटातलं साचलेलं पाणी दिसत नाही, एवढाच फरक.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. लॉकची किंमत ती किती, एवढा विचार करण्यापेक्षा नवं बसवून मोकळं व्हावं! ज्याचं घर बीड शहरात, ज्याचा मेकॅनिक गल्लीच्या तोंडाशी, त्याने खुशाल बसवावं. पण आष्टी-पाटोद्याकडचा माणूस अशा कामाला नगरकडे पाहतो, कोणी अंबाजोगाईकडे, कोणी थेट संभाजीनगरकडे. तिथे सुट्या भागापेक्षा येण्याजाण्याचा खर्च मोठा असतो. ‘लॉक गेलं’ एवढंच फोनवर कळलेला मेकॅनिक लॉक घेऊन येतो, पंप चोंदलेला पाहतो आणि पुढल्या आठवड्याचा वायदा करून जातो. ‘टक आवाज येतो, पाच मिनिटांनी दार उघडतं, पण आत पाणी राहतं’ असं सांगणाऱ्याकडे तो तयारीने येतो. निदान करणं म्हणजे मशीन उघडून बसणं नव्हे. प्लग काढल्याशिवाय आत हात घालू नये, आणि मीटर धरायची सवय नसेल त्याने पुढचं मेकॅनिकवर सोडावं. पण लक्षण नेमकं सांगणं हे आपलंच काम आहे. डॉक्टरकडे जाऊन कुठे दुखतं ते सांगायला आपण तिसरा माणूस नेत नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो : लॉकची एवढी वकिली का? ते खरोखरच घातक ठरलेलं आहे. हे मान्यच करावं लागतं. डिसेंबर २०१९मध्ये ब्रिटनमध्ये हॉटपॉइंट आणि इंडेसिट या नावांनी विकलेली सुमारे ५ लाख १९ हजारांपर्यंत मशीन परत बोलावण्याची घोषणा झाली. पाणी तापवणारी कॉइल चालू झाली की दाराच्या कुलपाच्या यंत्रणेतला एक भाग क्वचित अति तापून आगीचा धोका होता. मशीनचा प्लग काढून ठेवा, अगदीच वापरायचं झालं तर थंड पाण्यात वापरा, असा सल्ला लोकांना देण्यात आला होता. तेव्हा कुलपाभोवती करपल्याचा वास आला किंवा प्लास्टिक तपकिरी पडलेलं दिसलं, तर वर सांगितलेली सगळी चौकशी गुंडाळून ठेवावी आणि मशीन बंद करावं. माझा मुद्दा लॉक निर्दोष असण्याचा नाही. दोष पुराव्यावरून ठरावा, जिथे काम अडलं त्या जागेवरून नको, एवढाच आहे. ब्रिटनमधल्या त्या प्रकरणात पुरावा लॉकच्या विरुद्ध गेला.

आणि लॉक खरोखर गेलेलं असलं तरी ते डायरेक्ट करणं मला कुठल्याही तर्काने पटत नाही. मिनिटाला १२०० फेरे म्हणजे सेकंदाला २०. ड्रमचा व्यास साधारण अर्धा मीटर धरला तर त्याच्या काठाचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जातो. अशा ड्रममधून निसटलेली शर्टाची बाही ओढायला पोराने हात घातला तर काय होईल, ते सांगायला नको. सेमी-ऑटोमॅटिक मशीन अजूनही आपल्याकडे अनेक घरांत आहे, कारण त्यात बादलीने पाणी ओतता येतं. त्यातल्या पिळण्याच्या भागाचं झाकण उचललं की मोटारीची वीज तुटते आणि ब्रेक लागतो. ब्रेकची तार सैल झाली की टाकी फिरत राहते, आणि सवयीने ती हाताने थांबवली जाते. हातपंपाच्या दांड्याला हात लावावा इतक्या सहजपणे! झाकणाला अक्कल दिलेली असताना ती काढून घ्यायची आणि तिची जागा बोटांनी भरायची, हा सौदा रिले काढण्यापेक्षाही वाईट आहे. तिथे निदान मोटारच जळते.

नव्या मशीनांपुढे ही घरगुती तपासणी थोडी तोकडी पडते, हेही खरं. काही मशीनांत तापणाऱ्या पट्टीऐवजी विद्युतचुंबकाच्या झटक्याने लागणारी कुलपं असतात. त्यांना निवण्याशी देणंघेणं नाही. लाइट गेली तरी ती बंदच राहतात आणि पाच मिनिटं थांबण्याची युक्ती त्यांच्यावर चालत नाही. मग आधार उरतो तो फिल्टरच्या झाकणामागे अनेक मशीनांत दिलेल्या एका छोट्या दोरीचा किंवा खिट्टीचा. पाणी काढून घेतल्यावर ती हळूच ओढली की दार सुटतं. ही दोरी आहे हेच बहुतेकांना माहीत नसतं. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने २०२२च्या जुलैत समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टलही सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती वस्तू आणि वाहनं ही त्यातली क्षेत्रं. चांगलंच झालं. पण ओले कपडे आत कुजत असताना पोर्टल कोण शोधत बसणार? आधी पाणी कसं काढायचं, किती मिनिटं थांबायचं, दोरी कुठे आहे आणि कधी ओढायची नाही, एवढा चार ओळींचा मजकूर त्या झाकणाच्या आतल्या बाजूला मराठीत चिकटवलेला असावा, आणि तो चिकटवण्याची सक्ती मशीन विकणाऱ्या कंपनीवर असावी.