डब्यातला उन्हाळा

परवा यवतमाळला जाऊन आलो. मे महिन्यात तिकडे जाणं म्हणजे काय, ते विदर्भातल्या मंडळींना सांगायला नको. पारा ४३ च्या आसपास आणि घरात दिवसभर कुलरची घरघर.

दोन वर्षांपूर्वी मी बाबांना पुण्याहून एक छोटासा, चपटा कॉम्प्युटर नेऊन दिला होता. निवृत्त मास्तर ते, आठवणी लिहायच्या म्हणत होते. यंदा हिवाळाभर रोज एक पान मेलवर यायचं. मार्च संपला आणि पानं थांबली. विचारलं की म्हणायचे, "वेळच नाही भेटत." खरं काय ते यावेळी आईने सांगितलं. दुपारी लिहिता लिहिता कॉम्प्युटर आपोआप बंद पडायचा आणि लिहिलेलं सगळं जायचं. "माह्याच हातून काही चुकत असन," म्हणून त्यांनी त्याला हात लावणंच सोडलं होतं.

पाहिलं तर डबा शोकेसच्या बंद कप्प्यात, वर आईने विणलेला क्रोशाचा रुमाल! उघडला. चपट्या डब्यात उंच हीटसिंक मावत नाही, पंख्यासकट जेमतेम ३७-४० मिलिमीटर. त्याच्या बारीक फटींत धूळ आणि कापसाचे तंतू, अगदी गादी भरल्यासारखे. कापसाचाच जिल्हा आमचा!

पंखा चिपची उष्णता फक्त खोलीतल्या हवेत सोडतो. खोलीपेक्षा थंड तो काही करू शकत नाही. तेच काम, तोच पंखा, पण २५ अंशांच्या खोलीऐवजी ४२ ची खोली असेल तर चिपही साधारण १७ अंशांनी जास्त तापणार. १०० च्या जवळ गेली की ती आधी वेग कमी करते, तरी भागलं नाही तर बंद पडते. जळण्यापेक्षा बरं. कुलर पाण्याच्या वाफेवर हवा गार करतो, पण बंद कप्प्यात ती पोचणार कशी?

ब्रशने फटी साफ केल्या, वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली, टर्बो बंद केला. डबा उघड्या टेबलावर उभा ठेवला, कुलरच्या थेट झोतापासून जरा बाजूला.

मग बाबांना म्हटलं, "चूक तुमची नव्हती, माझी होती. पुण्याच्या हवेचा हिशोब करून यवतमाळला मशीन दिलं." ते काही बोलले नाहीत. नुसता चष्मा पुसला.

असो. काल दुपारी अडीच वाजता मेल आला. एक पान.