पाडसाला बाटलीने दूध पाजण्याआधी

येवल्याकडचे एक आजोबा बीपी तपासायला नाशिकला माझ्याकडे येतात. गेल्या खेपेला त्यांनी मोबाइल पुढे केला. त्यांचा नातू हरणाच्या पाडसाला बाटलीने दूध पाजत होता. "डॉक्टर, मक्यात एकटंच पडलेलं होतं. दोन कुत्री मागे लागली होती, पोरानं सोडवलं. गायीचं दूध चालेल ना?"

प्रश्न खरं तर जनावरांच्या डॉक्टरांचा. पण माझी नजर नातवाच्या हातावरच्या ओरखड्यांवर गेली.

कुत्र्याच्या तोंडून सुटलेल्या पिल्लाच्या अंगावर कुत्र्याची लाळ असू शकते. ताज्या ओरखड्याला लाळ लागणं हे रेबीजच्या बाबतीत चावण्याइतकंच गंभीर मानतात. अशा वेळी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची, हळद-चुना काही लावायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. लस त्वचेत देतात तेव्हा ती ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी घ्यावी लागते. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं, म्हणून "बघू दोन दिवस" म्हणायचं नाही. त्या मुलाला मी त्याच दिवशी लस घ्यायला लावली आणि पाडसासाठी वनविभागाला कळवायला सांगितलं.

आता दुधाबद्दल. माणसाच्या बाळाला बऱ्याच प्रतिपिंडांचा साठा आईच्या पोटातच, वारेतून मिळतो. गाय, शेळी, हरीण यांच्या पिल्लांना तो तसा मिळत नाही. त्यांची सारी भिस्त पहिल्या चिकावर असते आणि तोही जन्मानंतर साधारण पहिल्या दिवसातच आतड्यातून नीट शोषला जातो. चीक न मिळालेलं पाडस साध्या जंतूंनीही दगावतं. शिवाय हरणीचं दूध गायीच्या दुधापेक्षा बरंच घट्ट असतं, त्यात स्निग्धांश आणि प्रथिनं जास्त असतात. चुकीचं दूध, चुकीचं प्रमाण यामुळे जुलाब होतात. उताणं धरून पाजलं तर दूध फुफ्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. अगदी लहान पिल्लाला शी-शू करण्यासाठीसुद्धा आईच्या चाटण्याची गरज असते.

येवला तालुक्यात ममदापूर परिसरात काळविटांसाठी राखीव क्षेत्र आहे, आणि तिथली हरणं शेतांत येतात. हरणी पिल्लाला गवतात, पिकात लपवून चरायला जाते आणि अधूनमधून येऊन पाजते. निपचित पडून राहणं हेच पिल्लाचं संरक्षण असतं. आपण "बिचारं" म्हणून उचलतो आणि त्याला खरोखर अनाथ करतो. जखम नसेल, आसपास कुत्री नसतील, तर लांब व्हावं. आई माणूस दिसेपर्यंत येत नाही.

आई खरंच मेलेली असेल, तर ते काम जाणत्यांचं. गडचिरोलीत हेमलकशाला डॉ. प्रकाश आमटे यांनी अशीच अनाथ पिल्लं वाढवली. शिकारीत मेलेल्या माकडिणीला बिलगलेलं पिल्लू त्यांनी शिकाऱ्यांकडून तांदूळ देऊन घेतलं, तिथून सुरुवात झाली. पुढे बिबटे, अस्वलं, हरणं आली. पण त्यामागे वर्षानुवर्षांची मेहनत आणि अनुभव आहे. घरी किंवा पर्यटकांच्या शेतावर हौसेनं हरीण ठेवणं वेगळं. काळवीट वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. परवानगीशिवाय तो पाळणं गुन्हा आहे.

आणि धोकाही आहे. माणसांत वाढलेल्या नराला माणसाची भीती राहत नाही. माजावर आला की तो माणसालाच प्रतिस्पर्धी समजतो. दीड-दोन फुटांची शिंगं लहान मुलाच्या नेमकी पोटाच्या, छातीच्या उंचीवर येतात. आत गेलेली जखम बाहेरून छोटी दिसली तरी आतडं फाटलेलं असू शकतं. लगेच मोठ्या रुग्णालयात न्या.

जखमी किंवा अडकलेलं पाडस दिसलं तर गर्दी हटवा, सेल्फी नको, दूध नको. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. त्याला हात लागला असेल तर हात साबणाने धुवा आणि हातावर ओरखडा असेल तर आम्हाला दाखवा.