रोशा गवत आणि त्याचीं विलायती नांवें

नंदुरबार आणि दोंडाईचा यांच्या दरम्यान रनाळें हें गांव आहे. प्रवासवर्णनांत याचें नांव सहसा आढळत नाहीं. गेल्या कार्तिकांत तेथें दोन दिवस राहाण्याचा योग आला. सकाळीं माळावर फिरतांना गवताचें एक पातें सहज चुरगाळलें, तों बोटांस गुलाबासारखा वास लागला. गुरें राखणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांस विचारलें, तेव्हां त्यांनीं अहिराणींत "हाई ते रोशा शे" एवढेंच उत्तर दिलें.

रोशा म्हणजे संस्कृतांतील रोहिष किंवा रौहिष. अमरकोशांत त्याचीं सौगंधिक, देवजग्धक अशीं नांवें दिलीं आहेत. पण पहिलें नांव कत्तृण, म्हणजे कुत्सित तृण! हा शब्द साधण्यासाठीं पाणिनीनें स्वतंत्र सूत्र रचलें आहे. एकच गवत देवांनीं भक्षिलेलें आणि कुत्सितही, ही आमच्या कोशकारांची मौज आहे.

खानदेशांत या गवताचें तेल काढण्याचा धंदा मोठा होता. १८८० च्या खानदेश गॅझेटियरांत त्याची नोंद आहे. पावसाळा सरतां सरतां गवत फुलोऱ्यावर आलें कीं कापावयाचें, ओढ्याकांठीं भट्टी मांडून पाण्यासह उकळावयाचें आणि नळींतून येणारी वाफ थंड करून तेल धरावयाचें. तें मुंबईहून तांबड्या समुद्राच्या बंदरांस व पुढें कॉन्स्टँटिनोपलास जाई. तेथें त्यास 'इद्रिस यागी' म्हणत. तुर्कींत याग म्हणजे तेल. गुलाबाच्या अत्तरांत भेसळ करण्याकडे त्याचा उपयोग होई. गुलाबाच्या नांवानें विकला गेलेला पुष्कळसा सुगंध आमच्या माळावरचा होता, हें अत्तराच्या शौकिनांनीं ध्यानांत ठेवावें.

युरोपांत हें तेल तुर्कांच्या हातून गेलें, म्हणून तें 'तुर्की जिरेनियमचें तेल' झालें. वस्तुतः जिरेनियम ही वनस्पति निराळी. तिचें फळ क्रौंचाच्या चोंचीसारखें असतें आणि ग्रीक भाषेंत क्रौंचास गेरानोस म्हणतात, त्यावरून तें नांव. गवताचा आणि क्रौंचाचा कांहीं संबंध नाहीं. पुढें १८७१ त ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें हिंदुस्थानांतील या सुगंधी गवताच्या तेलांतून मुख्य सुगंधी द्रव्य शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें. त्याचें नांव पडलें जिरेनिऑल. आज साबणांत व सुगंधी द्रव्यांत हा पदार्थ सर्रास असतो. घरोघरच्या न्हाणीघरांत क्रौंचाचें नांव पोंचलें, रोहिषाचें मात्र नाहीं, याचें मला वाईट वाटतें. आमचीं मुलें रसायनाच्या पुस्तकांत जिरेनिऑल घोकतात. त्यांस रोशा कोणीं सांगावा?

इंग्रजी, फ्रेंच, जर्मन या भाषांत तेलाचें दुसरें नांव पामारोझा. हें गवत ताडही नव्हे आणि गुलाबही नव्हे. व्यापारी 'रोझा' या पदाचा अर्थ वासावरून गुलाब असा लावतात. रोशा किंवा हिंदी रुसा हा शब्द कानीं पडल्यामुळें तें पद अधिक सहज रुळलें असावें, असा माझा तर्क आहे.

वनस्पतिशास्त्रांतील सिंबोपोगॉन हें नांव ग्रीक असून त्याचा अर्थ होडी आणि दाढी. फुलोऱ्याच्या रूपावरून तें पडलें. पुढचें मार्टिनी हें पद लखनौच्या जनरल क्लोद मार्तें या फ्रेंच गृहस्थावरून आलें. टिपूवरील स्वारींत बालाघाटाच्या प्रदेशांत त्यानें या गवताचें बीं गोळा केलें. गुरें तें आवडीनें खातात आणि मग त्यांच्या दुधालोण्यासही तोच वास येतो, असें त्यानें पाहिलें होतें. रॉक्सबर्ग यानें आपल्या ग्रंथांत तें नमूद केलें आहे.