लसीका संस्था शिकवताना

रक्ताभिसरण शिकवायला मला फार आवडतं. हृदयाचे चार कप्पे, झडपा, धमन्या, शिरा. फळ्यावर लाल-निळ्या खडूने आकृती काढली की वर्ग अगदी गप्प होतो. त्यानंतर येणारी लसीका संस्था मात्र मी बरीच वर्षं दहा मिनिटांत उरकत आलो. "रक्तातून झिरपलेला द्रव परत रक्तात नेऊन सोडते, रोगांपासून रक्षण करते, चला पुढे." शिक्षक मित्रांनो, खरं सांगा, तुम्हीही असंच करता ना?

दोन वर्षांपूर्वी पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, याला हृदय नाही म्हणता, मग पायातलं पाणी वर कसं चढते?"

प्रश्न साधा होता, पण मी अडकलो. "उद्या सांगतो" म्हणालो आणि घरी येऊन पुस्तकं काढली.

दुसऱ्या दिवशी सुरुवात बांधीपासून केली. आमचा भंडारा जिल्हा धानाचा, त्यामुळे नहराचं पाणी बांधीत कसं येतं हे मुलांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. विचारलं, "पाणी येतच राहिलं आणि निघायला वाटच नसली तर?" सगळे एका सुरात, "धान सडते!" शरीराचंही तसंच आहे. केशिकांच्या पातळ भिंतींतून पाणी, क्षार आणि थोडी प्रथिनं पेशींच्या मधल्या जागेत झिरपतात. त्यातलं बरंचसं परत केशिकांत जातं, पण सगळं नाही. दिवसाला साधारण 2 ते 4 लिटर द्रव मागे राहतो. तो गोळा करतात त्या लसीका वाहिन्या. त्यांच्या सुरुवातीच्या नळ्या एका टोकाला बंद असतात आणि त्यांच्या भिंतीच्या पेशी कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या असतात. बाहेर द्रव वाढला की फट उघडते, आत शिरला की मिटते. एकदा आत शिरला की त्याच द्रवाला आपण लसीका म्हणतो.

आता वर चढण्याचं. मोठ्या लसीका वाहिन्यांत जागोजागी झडपा असतात, त्या फक्त वरच्या बाजूला उघडतात. वाहिनीची भिंत स्वतः हलके हलके आकुंचन पावते. आपण चाललो, बसलो-उठलो की पोटरीचे स्नायू तिला दाबतात. श्वासानेही ओढ मिळते. असं थेंब थेंब वर सरकत दोन्ही पायांची, पोटाची आणि शरीराच्या डाव्या बाजूची लसीका छातीतल्या मोठ्या वाहिनीतून मानेच्या तळाशी डाव्या शिरेत पडते. उजवा हात, डोक्याची आणि छातीची उजवी बाजू यांची लसीका उजवीकडे. मी सगळ्या वर्गाला उभं करून वीस वेळा टाचा वर-खाली करायला लावल्या. "झालं, चढलं पाणी!" म्हटल्यावर जो गोंधळ झाला, तो शेजारच्या वर्गातल्या मॅडमना अजून आठवतो.

वाटेत शेकडो लसीका गाठी लागतात. तिथे पांढऱ्या पेशी जंतूंना अडवतात. पायाला काटा रुतून पिकला की जांघेत अवधाण येतं, ते म्हणजे हीच गाठ कामाला लागलेली. घशातले टॉन्सिल आणि प्लीहा याच कुटुंबातले. लहान आतड्यातली चरबीही याच मार्गाने रक्तात जाते, म्हणून तेलकट जेवणानंतर तिथली लसीका दुधासारखी दिसते.

तास संपला. ती मुलगी मात्र थांबली. हळूच म्हणाली, "सर, माझ्या आजीचा पाय सुजून असतो. तिचं पाणी चढत नसेल का?"

मला माझी आजी आठवली. तिचा उजवा पाय हत्तीपाय झालेला. आधी वर्षातून दोन-तीनदा थंडी वाजून ताप यायचा, जांघेत गाठ, पाय लाल. मग ताप जायचा, पण सूज थोडी मागे राहायची. लुगडं ती घोट्याखाली ओढून बसायची. लग्नाला येत नसे. "तुम्ही जा बाबू, पाय जड आहे," एवढंच म्हणायची. कुणी करणी म्हणे, कुणी वात. मी विज्ञानाचा शिक्षक झालो तेव्हा ती हयात होती, आणि तिचा पाय म्हणजे मी फळ्यावर शिकवतो तीच संस्था तुंबलेली आहे, हे मी तिला कधी बसून सांगितलं नाही. ही गोष्ट मला टोचते.

हत्तीरोगाचे जंत दोऱ्यासारखे असतात. ते लसीका वाहिन्यांतच राहतात, त्या वाहिन्या फुगतात, झडपा निकामी होतात. त्यांची पिल्लं रात्री रक्तात फिरतात, म्हणून तर आरोग्य विभागाचे लोक रात्री रक्त घ्यायला येतात. घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास ती एकाकडून दुसऱ्याकडे नेतो. 1877 साली चीनमधल्या अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरांनी डासाच्या शरीरात हे जंत वाढताना पाहिले. पालकांनो, लागण बहुधा लहानपणीच होते, सूज दिसते कित्येक वर्षांनी. म्हणून "आमच्या पोराला काही नाही" यावर विसंबू नका.

त्या मुलीच्या घरी गेलो. जुनी सूज गोळीने उतरत नाही हे स्पष्ट सांगितलं. पण पाय रोज साबणाने धुवायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, भेगांना मलम लावायचं, झोपताना पाय उशीवर ठेवायचा, घोटा फिरवायचा. तापाचे झटके कमी झाले की सूज वाढायची थांबते. पुढच्याच आठवड्यात आजी आरोग्य केंद्रात जाऊन आल्या.

आणि आता कबुली. दरवर्षी मोहिमेत आशाताई गोळ्या घेऊन शाळेत येतात. मी सही करायचो आणि गोळ्या टेबलाच्या खणात टाकायचो. पोरं बघत असायची. त्या वर्षी डबा खाऊन घेतला आणि वर्गासमोर डीईसीच्या 3 गोळ्या गिळल्या, अल्बेंडाझोलची 1 चावून खाल्ली. रात्री अंग जरा तापलं, डोकं जड झालं. सकाळपर्यंत बरं वाटलं.

मुलांना सांगितलं की रक्तातली पिल्लं मरतात तेव्हा कधी कधी असा ताप येतो, घाबरायचं नाही. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "म्हणजे सर, तुमच्यात होते!"

तेवढ्यावरून नक्की म्हणता येत नाही, असं मी म्हणालो खरं. पण त्या दिवशी सुटी घेतलेली चार पोरं दुसऱ्या दिवशी स्वतःहून आशाताईंकडे गेली.