ताटावरचा आळ

कॅन्सरचं निदान झालेल्या माणसाला भेटायला येणारे जे प्रश्न विचारतात, त्यांतला एक मला कायम सलत आला आहे: "खाण्यापिण्यात काही होतं का हो?" विचारणाऱ्याला काळजी असते, हे मान्य. पण त्या काळजीखाली एक हिशेबही चाललेला असतो. समोरच्याने काहीतरी भलतंसलतं खाल्लं असणार, मी ते खात नाही, म्हणजे माझं काही बिघडायचं नाही. हा हिशेब जुळवायला शिळा भात, मैदा, पिशवीतलं दूध, करपलेली भाकरी, गाडीवरचा वडापाव, काहीही चालतं. रुग्ण पुरुष असेल तर आळ हळूच त्याच्या बायकोच्या स्वयंपाकावर जातो. रुग्ण बाई असेल तर तिची सुटकाच नाही, कारण रांधणारीही तीच. आधीच घाबरलेल्या माणसावर हा आरोप ठेवायला पुरावा तरी आहे का, असं मी या विषयावर वाचताना स्वतःला विचारत आले आहे. माझं उत्तर असं, की आहार आणि कॅन्सर यांच्या नात्याचा पुरावा भरपूर आहे, पण रुग्णाच्या खाटेशेजारी बसून विचारलेल्या त्या प्रश्नाला तो जवळजवळ काहीच उत्तर देत नाही.

नातं आहे, हे आधी सांगून टाकते. १९६८ मध्ये विल्यम हेन्झेल आणि मिनोरू कुरिहारा यांनी अमेरिकेत स्थायिक झालेल्या जपानी लोकांच्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. जपानात तेव्हा जठराचा कॅन्सर फार आणि मोठ्या आतड्याचा कमी, अमेरिकेत नेमकं उलट. स्थलांतरितांमध्ये आतड्याच्या कॅन्सरचं प्रमाण अमेरिकेच्या अंगाने वाढत गेलं, आणि जठराचा कॅन्सर त्यांच्या तिथे जन्मलेल्या मुलांमध्ये आणखी उतरला. वंश तोच, बदलला तो मुलूख आणि त्याबरोबर राहणी आणि जेवण. पुढे १९८१ मध्ये रिचर्ड डॉल आणि रिचर्ड पेटो या ब्रिटिश संशोधकांनी अंदाज मांडला की अमेरिकेतल्या कॅन्सरच्या मृत्यूंपैकी ३५ टक्के आहार बदलून टाळता येतील. हा आकडा जगभर गाजला. त्याच तक्त्यात शेजारी त्यांनी लिहिलं होतं की खरा आकडा १० ते ७० टक्क्यांमध्ये कुठेही असू शकेल. ते मात्र कुणी उचललं नाही. १० ते ७० म्हणजे 'आम्हाला अजून नीट कळलेलं नाही' हेच सभ्य भाषेत.

कळत का नाही, याचं एक कारण आपल्या त्या प्रश्नातच आहे. आजारी पडल्यावर माणसाला विचारलं की काय खात होतास, तर तो आठवत नाही, शोधतो. निरोगी माणूस जे सहज विसरला असता ते त्याला ठळक आठवतं. रुग्णांना निदानानंतर विचारून केलेल्या अभ्यासांमध्ये चरबीयुक्त आहार आणि स्तनाचा कॅन्सर यांचं नातं चांगलं जाणवत होतं. पण हजारो निरोगी बायकांचा आहार आधी नोंदवून मग वर्षानुवर्षं वाट पाहणाऱ्या अभ्यासांमध्ये ते नातं फिकं पडलं. शिवाय जो भाजी-फळं जास्त खातो तो बहुधा सिगारेट कमी ओढतो, चालतो जास्त, आणि त्याच्या खिशात पैसेही बरे असतात. यातलं श्रेय कुणाला द्यायचं? २०१३ मध्ये दोन संशोधकांनी पाककृतींच्या एका पुस्तकातून सहज म्हणून ५० जिन्नस निवडले आणि त्यांच्यावर कॅन्सरच्या संदर्भात काय छापून आलंय ते शोधलं. त्यांतल्या ४० जिन्नसांवर अभ्यास सापडले, आणि बऱ्याच जिन्नसांना एका अभ्यासाने तारक तर दुसऱ्याने मारक ठरवलं होतं. वर्तमानपत्रांना वर्षभर पुरेल एवढा हा माल आहे आणि तो पुरतोही.

या सगळ्यात बीटा-कॅरोटिनची हकिकत मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि आपल्याकडे ती फारशी कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. गाजर, भोपळा, पालेभाज्या यांत हे द्रव्य असतं. या भाज्या जास्त खाणाऱ्यांना फुफ्फुसाचा कॅन्सर कमी होतो, आणि ज्यांच्या रक्तात हे द्रव्य जास्त त्यांनाही तो कमी होतो, असं अभ्यासामागून अभ्यास सांगत होते. १९८१ मध्ये पेटो, डॉल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये लेख लिहून प्रश्न केला की मग हे द्रव्यच दिलं तर कॅन्सर कमी होईल का? प्रश्न रास्त होता आणि त्यांनी तो प्रश्न म्हणूनच विचारला होता. फिनलंडमध्ये ५० ते ६९ वयाचे २९,१३३ धूम्रपान करणारे पुरुष निवडले गेले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे गट पाडले. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन, काहींना ई जीवनसत्त्व, काहींना दोन्ही आणि काहींना नुसतीच दिसायला सारखी गोळी. हे पाच ते आठ वर्षं चाललं. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला. जास्त! अनेकांना तो योगायोग वाटला. पण अमेरिकेत तशीच दुसरी चाचणी सुरू होती. तिच्यात धूम्रपान करणारे, ते सोडलेले आणि ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेले मिळून १८,३१४ जण होते आणि गोळीत बीटा-कॅरोटिनच्या जोडीला अ जीवनसत्त्वही होतं. ती चाचणी जानेवारी १९९६ मध्ये ठरल्या मुदतीच्या २१ महिने आधीच थांबवावी लागली. गोळी घेणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाचा कॅन्सर २८ टक्के जास्त होता आणि एकूण मृत्यू १७ टक्के जास्त. त्याच सुमाराला २२,०७१ अमेरिकी डॉक्टरांवरची बारा वर्षांची चाचणी संपली, तिच्यात ना फायदा दिसला ना तोटा. यातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. फिनलंडच्या त्याच पुरुषांमध्ये, ज्यांच्या रक्तात सुरुवातीलाच बीटा-कॅरोटिन जास्त होतं त्यांना कॅन्सर कमीच झाला होता. म्हणजे जुनं निरीक्षण खोटं नव्हतं. त्यावरून काढलेला अर्थ खोटा होता. रक्तातलं ते द्रव्य भाजी खाणाऱ्या माणसाची खूण होतं, पण ते बाटलीत भरून दिल्याने सिगारेट ओढणारा माणूस भाजी खाणाऱ्यासारखा झाला नाही.

यावर आक्षेप येतो की चीनमध्ये तर उलटं झालं. बरोबर आहे. हनान प्रांतातल्या लिनशियनमध्ये सुमारे तीस हजार लोकांवर चाचणी झाली. १९९३ च्या निकालात बीटा-कॅरोटिन, ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम एकत्र घेणाऱ्यांमध्ये एकूण मृत्यू ९ टक्क्यांनी आणि जठराच्या कॅन्सरचे मृत्यू २१ टक्क्यांनी कमी झाले. पण त्या लोकांच्या आहारात या जीवनसत्त्वांचा वर्षानुवर्षांचा तुटवडा होता. उणीव भरून काढल्याने जे साधतं ते भरलेल्यात आणखी भर घालून साधत नाही. उलट अंगलट येऊ शकतं. ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेवरच्या अमेरिकी चाचणीत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्क्यांनी वाढल्याचं २०११ मध्ये दिसलं. म्हणून 'हळदीचा अर्क घेतला तर बिघडलं काय' असं कुणी म्हणालं की मला फिनलंड आठवतो. भाजीतल्या हळदीबद्दल माझी तक्रार नाही. पण हळदीच्या अर्काच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि प्रयोगशाळेतल्या बशीत मेलेल्या पेशी म्हणजे बरा झालेला माणूस नव्हे.

दुसरा आक्षेप मांसाचा. २०१५ मध्ये ल्योंच्या आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने सॉसेज, बेकन असं प्रक्रिया केलेलं मांस कॅन्सरकारक म्हणून पहिल्या गटात टाकलं. तंबाखू त्याच गटात आहे, त्यामुळे शाकाहारी मंडळींना फार समाधान वाटलं. पण गट सांगतो तो खात्रीबद्दल, किती धोका याबद्दल नाही. रोज ५० ग्रॅम असं मांस खाल्ल्याने मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. समजा, शंभरात सहा जणांना आयुष्यात कधीतरी तो होणार असेल, तर सातजणांना होईल. ही वाढ खरी आहे आणि देशाच्या पातळीवर मोठीही आहे. पण त्या सात जणांपैकी सातवा कोण, हे जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. भेटायला आलेले नातेवाईक मात्र सांगू शकतात.

जिथे अन्नाने कॅन्सर खरोखर घटला, तिथे काय झालं होतं ते पाहण्यासारखं आहे. चीनमध्ये यांगत्से नदीच्या मुखाशी चिदोंग नावाचा भाग आहे. तिथे यकृताचा कॅन्सर भयंकर होता, कारण हिपॅटायटिस बी होताच आणि रोजचं अन्न म्हणजे दमट हवेत साठवलेला मका. त्यावर बुरशी येते आणि बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष. १९८० च्या दशकात धान्याचं धोरण सैल झालं, बाजारात तांदूळ मिळू लागला, लोक मका सोडून भात खाऊ लागले, आणि पुढच्या काळात यकृताच्या कॅन्सरचे मृत्यू घटले. हा बदल मुख्यतः बाजाराने घडवला, पथ्याने नव्हे. अमेरिकेत विसाव्या शतकात जठराचा कॅन्सर असाच न सांगता उतरत गेला. त्याला स्वच्छतेबरोबर घटलेला संसर्ग कारण होता आणि घरोघरी आलेलं शीतकपाटही, ज्यामुळे खारवलेलं-सुकवलेलं अन्न मागे पडलं. म्हणजे शिळ्या अन्नासाठी ज्याला आपण दोष देतो त्या फ्रिजने माणसं वाचवली. शेंगदाण्यालाही अफ्लाटॉक्सिनची ती बुरशी लागू नये म्हणून तो नीट वाळवणं आणि कोरड्या जागी ठेवणं हे काम शेतकरी, गोदाम आणि अन्न निरीक्षक यांचं आहे. खवट, काळपटलेले दाणे निवडून टाकावेत एवढं घरी करता येतं आणि ते जरूर करावं.

लोक आळ घेऊन थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. आळापाठोपाठ पथ्य येतं. साखर बंद, कारण 'साखरेवर कॅन्सर पोसतो'. कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज जास्त वापरतात, हे ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकातच दाखवलं होतं. पण ग्लुकोज शरीरातली प्रत्येक पेशी वापरते, आणि तोंडाने दिलं नाही तर शरीर ते स्नायू मोडून तयार करतं. साखरेनंतर दूध बंद, मग भात, मग डाळी. केमोथेरपीत आधीच चव गेलेली, तोंड आलेलं, मळमळ. त्यात घरचे चांगल्या मनाने माणसाला उपाशी ठेवतात. वजन उतरतं, रक्तातल्या पेशी सावरत नाहीत, पुढचा डोस लांबतो. लठ्ठपणामुळे अनेक कॅन्सरचा धोका वाढतो हा पक्का पुरावा आहे, पण तो निरोगी माणसासाठी आहे. उपचार चालू असताना वजन घटणं हे बहुतेकदा वाईट लक्षण असतं. त्या काळात गुळाचा शिरा जात असेल तर तो द्यावा, अंडं जात असेल तर अंडं द्यावं. आहारतज्ज्ञाला जरूर विचारावं. शेजारच्या काकूंना विचारू नये.

इथवर मी रुग्णाची बाजू घेतली. पण सुपारीपाशी माझाही तोल जातो. त्याच ल्योंच्या संस्थेने २००४ च्या ग्रंथात सुपारीला, तंबाखू नसलेल्या नुसत्या सुपारीलाही, पहिल्या गटात घातलं. तिच्याने तोंडाच्या आतली त्वचा ताठ होत जाते, तिखट सोसत नाही, तोंड उघडेनासं होतं, आणि पुढे काहींना कॅन्सर होतो. भारतीय पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर पहिल्या क्रमांकावर आहे. दारू तर १९८८ पासूनच त्या गटात आहे. हे दोन्ही माहीत असताना करपलेल्या भाकरीची चर्चा करणारा आणि जेवण झाल्यावर अडकित्ता मागणारा माणूस पाहिला की मला आळ घ्यावासा वाटतो, आणि मी तो मनातल्या मनात घेतेही. मग प्रश्न पडतो की त्याला ती सवय लावली कुणी? आपल्याच घरातल्या पानाच्या डब्याने, लग्नाच्या पंगतीने, शाळेजवळच्या टपरीवर मिळणाऱ्या गोड सुपारीच्या पुडीने. तंबाखूच्या पाकिटावर इशारा छापलेला असतो. खुल्या सुपारीला पाकीटच नसतं. राज्याने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली आणि गुटखा संपला नाही, तेव्हा सुपारीवर बंदी मागावी का, हे मला ठरवता येत नाही. कोकणातल्या आणि गोव्यातल्या कित्येक बागायतदारांचं वर्ष त्या पोफळीवर निघतं. पूजेच्या सुपारीला कुणी हात लावायची गरज नाही. पण मुलांना मिळणारी ती गोड पुडी तरी आधी बंद करा, तिच्यासाठी कुठल्या नव्या संशोधनाची वाट पाहण्याचं कारण उरलेलं नाही.