सन्मानपूर्वक

वकिली व्यवसायात वीस-बावीस वर्षे घालविल्यानंतर माणसाची एक समजूत पक्की होऊन बसते. कागद म्हणजे पुरावा आणि माणूस म्हणजे पक्षकार, एवढेच त्याला दिसू लागते. कागद खोटा असू शकतो, हे आम्हां वकिलांना पहिल्या वर्षीच कळते. परंतु अक्षरशः खरा असलेला कागदही अन्याय करू शकतो, हे मला फार उशिरा कळले; आणि तेही न्यायालयात नव्हे, तर माझ्या सख्ख्या बहिणीच्या फोनवरून.

आमचे बेळगाव हे फौजेचे गाव. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र येथे आहे. कॅम्पातला बिगुल ऐकत आम्ही भावंडे लहानाची मोठी झालो. निवृत्त सुभेदार रस्त्याने चालला तर त्याची ताठ मान पाहूनच लोक बाजूला होत. ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. लग्न होऊन ती न्यू जर्सीला गेली आणि तिकडचीच झाली. तिचा मुलगा २००९ साली अमेरिकेच्या सैन्यात भरती झाला, तेव्हा भावजी नाराज होते, कारण त्यांच्या मनात त्याने इंजिनिअर व्हावे असे होते. परंतु ताईच्या कानात तो कॅम्पातला बिगुल अजून वाजत असावा. तिने मुलाचा गणवेशातील फोटो आईला पाठविला आणि आईने तो देव्हाऱ्याजवळच्या कोनाड्यात ठेवला.

मुलगा २०१३ साली परतला. मुदत संपली, एवढेच त्याने घरी सांगितले. पुढे आठ वर्षे कोणी काही विचारले नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात त्यांच्या तिकडच्या देवळाने, सैन्यात सेवा केलेल्या आपल्या मंडळींचा सत्कार करण्याचे ठरविले. अमेरिकेत ११ नोव्हेंबर हा माजी सैनिकांचा दिवस असतो. यादीत भाच्याचे नाव होते. त्याने जाण्याचे साफ नाकारले. ताईने फारच आग्रह धरला, तेव्हा त्याने कपाटातून एक कागद काढून तिच्यापुढे ठेवला. त्या रात्री तो कागद तिने मला फोनवर वाचून दाखविला आणि विचारले, "ह्याचा अर्थ काय रे?"

मी अर्थ सांगण्याऐवजी उलट प्रश्न केला, "त्याने केले तरी काय होते?" पलीकडे बराच वेळ शांतता होती. आज सांगायला लाज वाटते. पण त्या क्षणी माझ्यातला मामा गप्प बसला आणि वकील बोलला. कागदावर अवघ्या काही शब्दांचा शेरा होता. आणि ज्याला मी दीड वर्षाचा असल्यापासून ओळखतो, त्याच्याविषयी मी त्या शेऱ्यावर विश्वास ठेवला.

अमेरिकेत सैनिक सेवेतून मुक्त होतो, तेव्हा त्याला डी. डी. २१४ नावाचा दाखला मिळतो. त्यात त्याच्या सेवेचे स्वरूप एका शब्दात किंवा शब्दसमूहात नोंदवितात. सर्वांत वरची पायरी 'सन्मानपूर्वक'. तिच्याखाली 'सर्वसाधारण, सन्मान्य परिस्थितीत'. तिच्याखाली 'सन्मान्य नव्हे अशा परिस्थितीत'. ह्या तीन पायऱ्या अधिकाऱ्यांच्या हुकुमाने ठरतात. त्यांना खटला लागत नाही. त्याखालच्या दोन, 'दुर्वर्तनाबद्दल' आणि 'अप्रतिष्ठेने', लष्करी न्यायालयाच्या शिक्षेने येतात. भाच्याच्या वाट्याला तिसरी पायरी आली होती. तिथे उभ्या असलेल्या माणसाला सरकारी खर्चाने शिक्षण मिळत नाही, माजी सैनिकांच्या रुग्णालयाचे दार सहज उघडत नाही. आणि नोकरीसाठी दाखला मागितला की तो शेरा त्याच्या आधी बोलू लागतो.

हकीकत अशी होती. २०११ साली तो अफगाणिस्तानात होता. रस्त्यात पुरलेल्या सुरुंगावर त्याच्या पुढची गाडी गेली. त्या गाडीत त्याचा जिवलग मित्र होता. परत आल्यावर त्याची झोप गेली, दारू आली, आणि एके दिवशी तो छावणीतून निघून गेला तो सत्तेचाळीस दिवसांनी आपण होऊन परतला. खटल्याला तोंड द्यायचे, की खटल्याऐवजी सेवामुक्ती मागायची, असा प्रश्न त्याच्यापुढे ठेवण्यात आला. तेवीस वर्षांच्या त्या पोराने सही केली. सहा महिन्यांनी हा शेरा आपोआप सुधारतो, असे बरोबरच्या कोणीतरी त्याला सांगितले होते. ही समजूत तिकडच्या बराकींतून पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे आणि ती सर्वस्वी खोटी आहे. आपोआप काहीही सुधारत नाही. अर्ज करावा लागतो.

तो अर्ज कसा करावा, हे समजून घेण्यासाठी मी वाचू लागलो. मी तिकडचा वकील नव्हे. पण कायद्याचे पुस्तक कोणत्याही देशाचे असले तरी त्याची वाट चाचपडत का होईना, सापडते. त्या वाचनात मला ब्राउन्सव्हिलचे प्रकरण भेटले आणि भाच्याच्या कागदाकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली.

टेक्सास राज्यातील ब्राउन्सव्हिल गावात १९०६ सालच्या ऑगस्टमध्ये मध्यरात्रीच्या सुमारास गोळीबार झाला. दारूच्या गुत्त्यातला एक नोकर ठार झाला, एक पोलीस अधिकारी जखमी झाला. गावाजवळ पंचविसाव्या पायदळ पलटणीतील कृष्णवर्णी सैनिकांचा तळ होता. गावाने त्यांच्याकडे बोट दाखविले. सैनिक त्या वेळी बराकीत होते, असे त्यांचे गोरे अधिकारी सांगत होते. कोणाविरुद्धही खटला उभा राहिला नाही. अपराधी कोण हे कोणी सांगत नाही, तेव्हा सर्वांनी मिळून ते लपविले आहे, असे ठरवून अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १६७ सैनिकांना 'सन्मानाविना' सेवेतून काढले. त्यांतील काहींची सेवा वीस-पंचवीस वर्षांची होती. ओहायोचे सिनेटर फोरेकर यांनी त्यांची बाजू मांडली, चौकशा झाल्या, चौदा जणांना पुन्हा भरतीची परवानगी मिळाली. बाकीचे तो शेरा घेऊन म्हातारे झाले आणि मेले.

१९७० साली जॉन वीव्हर नावाच्या लेखकाने त्या प्रकरणावर ग्रंथ लिहिला, लोकप्रतिनिधी ऑगस्टस हॉकिन्स यांनी विषय लावून धरला, आणि १९७२ साली, म्हणजे सहासष्ट वर्षांनी, सैन्याने ते सारे हुकूम फिरविले. सर्वांना 'सन्मानपूर्वक' सेवामुक्ती मिळाली, बहुतेकांना मरणोत्तर. सेवामुक्त होऊन मिनिॲपोलिसच्या न्हाव्याच्या दुकानात अर्धशतकाहून अधिक काळ लोकांचे बूट चकचकीत करीत राहिलेला डॉर्सी विलिस तेवढा जिवंत होता. १९७३ साली, वयाची ऐंशी ओलांडल्यावर, त्याच्या हाती तो कागद पडला. पुढे पंचवीस हजार डॉलरही मिळाले. १९७७ साली तो वारला.

हे वाचून मी दिवा मालविला, पण झोप आली नाही. तुरुंगवासाला मुदत असते, दंडाला रक्कम असते. एखाद्याने चोरी केली तर न्यायाधीश त्याला तीन वर्षे सांगतो. चौथ्या वर्षी फाटक उघडावेच लागते. शब्दाची शिक्षा मात्र मुदतीवाचून असते. विलिसचे फाटक सहासष्ट वर्षांनी उघडले. इतरांचे त्यांच्या थडग्यांवर उघडले.

हा दोष एकट्या अमेरिकेचा नव्हे. आपल्याकडील जुनी ग्रामण्ये आठवा. वस्तुतः आपल्या धर्मशास्त्रात प्रायश्चित्ताला शेवट आहे. ज्याने प्रायश्चित्त केले त्याचा कधीही तिटकारा करू नये, असे मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे. परंतु शुद्धिपत्र हाती असूनही पंगतीत कोणाच्या शेजारी कोण बसणार, ह्यावर कुजबूज करणारे आपणच होतो. शास्त्राने शिक्षा संपविली. समाजाने शब्द जपून ठेवला.

अमेरिकेच्या कायद्यात निदान त्या शब्दावर फेरविचाराची सोय आहे. महायुद्ध चालू असतानाच १९४४ च्या कायद्याने सेवामुक्तीचे पुनर्विलोकन करणारी मंडळे निर्माण झाली. सेवामुक्तीपासून पंधरा वर्षांच्या आत त्यांच्याकडे अर्ज करता येतो. ती वेळ गेली असेल, किंवा तेथे निकाल विरुद्ध गेला असेल, तर लष्करी नोंदी दुरुस्त करणारे दुसरे मंडळ आहे. 'चूक किंवा अन्याय' दाखविता आला तर ते नोंद बदलू शकते. ह्या दोन शब्दांतील 'किंवा' मला फार महत्त्वाचा वाटतो. चूक झाली नसतानाही अन्याय झालेला असू शकतो, ही कबुली त्या एका अव्ययात आहे.

भाच्याने पहिला अर्ज २०२२ साली एकट्याने, रागाच्या भरात लिहिला. त्यात अधिकाऱ्यांचे दोष होते, सैन्याचे दोष होते. सत्तेचाळीस दिवसांचा उल्लेख शेवटी एका ओळीत होता. सरकारने केले ते नियमाप्रमाणेच केले, असे मंडळ गृहीत धरते. ते तसे नव्हते, हे दाखविण्याचा भार अर्जदारावर असतो. अर्ज नामंजूर झाला. परंतु मंडळापुढे स्वतः उभे राहून बोलण्याची संधी शिल्लक होती. एका विधी महाविद्यालयातील मंडळींनी विनामूल्य त्याचे काम घेतले, आणि निवेदन लिहिण्यापुरता मी मामा म्हणून बसलो.

मी त्याला एवढेच सांगितले, "तुझा अपराध पहिल्या परिच्छेदात लिही. तो तू लिहिलास म्हणजे दुसऱ्या कोणाला लिहिण्याची सोय उरत नाही." त्याने लिहिले. आपण निघून गेलो त्या दिवसांत आपल्या जागी दुसऱ्याला पहारा करावा लागला, हेही त्याने लिहिले. ते मी सुचविलेले नव्हते. मग पुढच्या गाडीविषयी चार ओळी लिहिल्या आणि तो थांबला. त्या चार ओळी तो दहा वर्षे कोणाशी बोलला नव्हता.

युद्धाने मनाला होणाऱ्या आघाताला वैद्यकशास्त्राने त्याचे आजचे नाव १९८० साली दिले. अशा अर्जांकडे उदारपणे पाहावे, अशी सूचना अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २०१४ मध्ये दिली, आणि २०१७ मध्ये मंडळांसाठी चार प्रश्न ठरवून दिले. अपराधाचा भार हलका करील अशी काही व्याधी अर्जदाराला होती काय? ती सेवेच्या काळातील होती काय? त्या व्याधीने तो भार खरोखर हलका होतो काय? आणि शेवटी, सेवामुक्तीच्या कारणापेक्षा तिचे पारडे जड आहे काय? वकील म्हणून मी कित्येक युक्तिवाद ऐकले. पण शेरा मारण्यापूर्वी एखाद्या माणसाविषयी विचारावयाचे प्रश्न इतक्या थोडक्यात मांडलेले मी क्वचितच पाहिले आहेत. फोनवर ताईला उलट प्रश्न करणाऱ्या मला ते आधी ठाऊक असते, तर बरे झाले असते.

२०२४ मध्ये सुनावणी झाली. निकाल आला तो अर्धा होता. शेरा एक पायरी वर चढून 'सर्वसाधारण, सन्मान्य परिस्थितीत' असा झाला. रुग्णालयाची वाट मोकळी झाली. शिक्षणाची मदत मात्र 'सन्मानपूर्वक' असणाऱ्यालाच मिळते, ती मिळाली नाही. वर दुसऱ्या मंडळाकडे जाता येईल, असे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "मामा, जाईन. पण पाच अनोळखी माणसांनी माझे सगळे ऐकून घेतले, हे मला आधी पचू दे."

गेल्या मार्गशीर्षात ती तिघे भारतात आली. आम्ही सर्व कुलदेवाच्या दर्शनाला मंगेशीस गेलो. ह्यापूर्वीच्या खेपेस हाच मुलगा देवळाच्या आवारात तळीच्या काठी बसून राहिला होता. प्रकृती ठीक नाही, असे त्याने सांगितले होते आणि आम्ही ते खरे मानले होते. ह्या खेपेस तो सोवळे नेसून अभिषेकाला बसला. संकल्पाच्या वेळी भटजींनी विचारले, "नाव? गोत्र?" नाव त्याने सांगितले, गोत्रापाशी तो अडखळला. मागे भावजी उभे होते. कागदाच्या प्रकरणानंतर त्यांनी मुलाशी कामापुरतेच बोलणे ठेवले होते. ते पुढे झाले, त्यांनी मुलाचे पूर्ण नाव स्वतःच्या नावासकट पुन्हा एकदा मोठ्याने सांगितले, आणि मग गोत्र सांगितले.

भटजींनी ते तसेच उच्चारले आणि पुढचा मंत्र सुरू केला. त्या नावापुढे कोणताही शेरा नव्हता. आईने देव्हाऱ्याजवळ ठेवलेला फोटो अजून तिथेच आहे. तो मधल्या वर्षांत कोणी काढला नव्हता, हे बेळगावी परतल्यावर माझ्या लक्षात आले.