काय वगळावे?

बीटल्सच्या चाहत्यांमधील एक वाद १९६८पासून आजतागायत मिटलेला नाही. त्या वर्षी २२ नोव्हेंबरला प्रसिद्ध झालेला आणि कोऱ्या पांढऱ्या वेष्टनामुळे ‘व्हाइट अल्बम’ या नावाने ओळखला जाणारा त्यांचा अल्बम दोन तबकड्यांचा असावा की एकाच? तीस गाणी, चार बाजू, सुमारे ९३ मिनिटे. सरस तेवढे निवडून एकच तबकडी काढावी, असे निर्माते जॉर्ज मार्टिन यांचेही मत होते. त्यांच्यामागून कित्येक चाहते आपापली चौदा-पंधरा गाण्यांची यादी हिरिरीने मांडत आले आहेत.

वरवर पाहता हा छांदिष्टांचा खेळ वाटतो. परंतु त्याच्या तळाशी समीक्षेच्या परिचयाचा प्रश्न आहे: कलाकृतीची एकात्मता घटकांच्या गुणवत्तेवर अवलंबून असते की त्यांच्या परस्परसंबंधांवर? यादी करणारा प्रत्येक गाणे सुटे काढून पारखतो. ‘रेव्होल्यूशन ९’ सहसा आधी बाद होते. आठ मिनिटांहून अधिक काळ चालणारी ती ध्वनिफितींच्या तुकड्यांची जुळणी आहे, तिला चाल नाही. मग ‘गुड नाइट’ जाते. लेननने आपल्या लहानग्या मुलासाठी रचलेले आणि रिंगो स्टारने वाद्यवृंदासह गायलेले हे अखेरचे गाणे सुटे ऐकले तर अतिगोड अंगाईच ठरते. पण अल्बममध्ये ते त्या कोलाहलाच्या लगेच पाठोपाठ येते; तेथे ते दुःस्वप्नातून दचकून उठलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवलेल्या हातासारखे वाटते. पहिले वगळले की दुसरे खरोखरच दुबळे होते. म्हणजे त्याच्या दुबळेपणाचा निर्णय हा वगळण्याचे कारण नसून बऱ्याच अंशी परिणाम असतो. तिसऱ्या बाजूच्या अखेरीस ‘हेल्टर स्केल्टर’च्या आरडाओरड्यानंतर येणारे हॅरिसनचे कुजबुजते ‘लाँग, लाँग, लाँग’ हेच सांगते.

अर्थात, या समर्थनाची भक्ती होऊ नये. यांतील पुष्कळ गाणी १९६८च्या आरंभी हृषीकेशच्या आश्रमातील मुक्कामात रचली गेली. ध्वनिमुद्रणाच्या वेळी मात्र चौघे अनेकदा वेगवेगळे काम करीत होते आणि ऑगस्टमध्ये रिंगो काही दिवस बँड सोडूनच गेला होता. ही एकात्मता संपूर्णपणे योजिलेली नव्हती. तिचा काही भाग वर्षानुवर्षे ऐकणाऱ्या श्रोत्यानेच घडवला आहे. तीस गाण्यांचा क्रम त्याच्या अंगवळणी पडला आहे. एक संपता संपता पुढचे त्याच्या कानात सुरू होते.

म्हणूनच नवागत दारात उभा राहिला की वादाचे स्वरूप पालटते. ‘सुरुवात कोठून करू?’ असे एखाद्या विशीतल्या मुलीने विचारताच, चारही बाजूंसाठी हमरीतुमरीवर येणारा चाहता अकस्मात कचरतो आणि तिच्या हाती संकलन ठेवतो. १९७३च्या निळ्या वेष्टनातील संकलनात या अल्बममधील तीनच गाणी होती. २००० साली निघालेल्या, अग्रस्थान मिळवलेल्या २७ गाण्यांच्या ‘१’मध्ये तर एकही नाही, कारण ब्रिटन-अमेरिकेत बीटल्सनी यातले एकही गाणे सुटे काढले नव्हते. सर्वांत यशस्वी गाण्यांच्या वाटेने येणाऱ्याला हा अल्बम अस्तित्वात आहे याचा पत्ताही लागणार नाही.

चाहत्याची भीती खोटी नसते. नवागत कंटाळून उठून गेला, तर नाकारले जाते ते केवळ एक गाणे नव्हे. त्याने जन्मभर जपलेले काही त्याच्याच डोळ्यांदेखत नाकारले जाते. परंतु निवडक देताना तो आपले निष्कर्ष देतो, त्यांच्यापर्यंत नेणारी वाट देत नाही. त्याचे स्वतःचे प्रेम जडले ते न आवडलेलेही ऐकून घेतल्यामुळे, उठून तबकडी उलटल्यामुळे.

तेव्हा द्यायचीच तर एक बाजू अखंड द्यावी. चौथी, सहा गाण्यांची. आणि ‘रेव्होल्यूशन ९’ चालू असताना तिच्या चेहऱ्याकडे न पाहता शेजारी बसून राहावे. अंगाई त्यानंतर येते.